ख्रिस्ती शेजारी, जर्सी गाई आणि गोमांसाचा प्रश्न

प्रश्न : आम्ही वालचंदनगरला राहतो. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे जर्सी गाई आहेत. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जातं, रविवारी सगळे उपासनेला जातात. मी मोबाइलवर अमेरिकेतल्या रँचचे व्हिडिओ बघते. तिथली माणसंही ख्रिस्ती. जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करतात आणि मग आपणच वाढवलेल्या जनावराचं मांस खातात. आमच्या शेजाऱ्यांकडे असलं काही कधी पाहिलं नाही. गोमांस खाणं हा ख्रिस्ती धर्माचा भाग आहे का? असेल तर इकडचे ख्रिस्ती ते का पाळत नाहीत? नसेल तर तिकडचे का खातात? आणि आणखी एक. त्यांच्या गोठ्यात गाई दिसतात, कालवडी दिसतात, पण गोऱ्हे कधीच दिसत नाहीत. ते जातात कुठे? त्यांना विचारायला संकोच वाटतो, म्हणून तुम्हाला विचारते.
— एक वाचक, वालचंदनगर

उत्तर : गोमांस खा अशी आज्ञा ख्रिस्ती धर्मात कुठेही नाही आणि खाऊ नका अशी बंदीही नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात संपतं, पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे.

येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. यहुदी धर्मशास्त्रात कोणता प्राणी शुद्ध आणि कोणता अशुद्ध याची बारीक यादी आहे. दुभंगलेल्या खुरांचं, रवंथ करणारं जनावर चालतं. म्हणजे गाय-बैल चालतात आणि डुक्कर चालत नाही. पुढे यहुदी नसलेले लोक ख्रिस्ती मंडळीत येऊ लागले, तेव्हा ही यादी त्यांनाही लागू करायची का, यावर मोठा वाद झाला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात यापो गावी घराच्या गच्चीवर येशूचा शिष्य पेत्र याला झालेल्या दर्शनाची हकिगत आहे. त्या दर्शनाचा रोख असा, की देवाने शुद्ध ठरवलेल्याला माणसाने अपवित्र म्हणू नये. तेव्हापासून ख्रिस्ती माणसाच्या ताटावरची ती यादी गेली.

यादी गेली म्हणून प्रत्येकाने सगळं खाल्लंच पाहिजे, असं मात्र झालं नाही. करिंथ शहराच्या बाजारात विकायला येणारं बरंचसं मांस आधी मूर्तींना वाहिलेलं असे. ते खावं की नाही यावरून तिथल्या मंडळीत भांडण लागलं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल या भांडणाला उत्तर देतो. खाण्याने आपण देवाच्या जवळ जात नाही आणि न खाण्याने लांबही जात नाही, हा त्याचा पहिला मुद्दा. दुसरा मला अधिक मोलाचा वाटतो. माझ्या खाण्यामुळे माझ्या भावाच्या मनाला ठेच लागणार असेल, तर मी मांस कधीच खाणार नाही, असं तो म्हणतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हीच गोष्ट पुन्हा येते. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये. चार धर्मांच्या शेजारात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसासाठी हे दोन अध्याय रोजच्या उपयोगाचे आहेत.

मग अमेरिकेतला रँचवाला का खातो? कारण त्याची जमीन तशी आहे. टेक्सास, मोंटाना, वायोमिंग इथल्या विस्तीर्ण माळांवर पाऊस कमी, माणसं कमी आणि गवत भरपूर. तिथे गव्हापेक्षा जनावर सहज वाढतं. ऑस्ट्रेलियात तर याहून मोठा पसारा. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे जनावरांचं कुरण हजारो चौरस किलोमीटरचं आहे. आपला अख्खा पुणे जिल्हा 15,600 चौरस किलोमीटरचा, आणि एका मालकाचं हे एक कुरण त्याहून लहान नाही. तिथली गाय नांगराला बैल मिळावा म्हणून पाळलेली नसते आणि रँचवरची गाय दुधासाठीही नसते. तिचं वासरू तिच्यामागे माळावर चरतं, तिचं सगळं दूध पितं आणि वाढल्यावर मांसासाठी विकलं जातं. जेवणाआधीची प्रार्थना समोर जे अन्न आहे त्याबद्दल आभाराची असते. तिथे ताटात मांस असतं, तुमच्या शेजाऱ्यांच्या ताटात भाकरी आणि पिठलं असेल. प्रार्थना तीच.

आपल्याकडची गाय वेगळ्या गरजेतून दारात आली. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आला, त्याआधी बारामती-इंदापूर हा पक्का अवर्षणाचा पट्टा. इथे खिलार बैल म्हणजे शेतकऱ्याची ताकद आणि गाय म्हणजे त्या बैलाची आई. पुढे शेठ वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला, त्या उसाच्या गाड्याही बैलांनीच ओढल्या. जो प्राणी मेला तर पेरणी बुडते, त्याला कापून खाण्याचा विचार शेतकऱ्याच्या मनात येणं अवघड. हिंदू असो, मुसलमान असो की ख्रिस्ती, कोरडवाहू शेतीचं गणित सगळ्यांना सारखंच.

ज्या मिशनऱ्यांमुळे बारामती परिसरात मंडळ्या उभ्या राहिल्या, ते आले होते थेट ऑस्ट्रेलियातून. ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाचं ऑस्ट्रेलियन मिशन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बारामतीला आलं. शाळा काढल्या, औषधोपचार केले, इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केलं. जगात सर्वाधिक गोमांस खाणाऱ्या देशांपैकी एका देशातून आलेली ही माणसं. इथल्या माणसांनी त्यांच्याकडून प्रार्थना घेतली, अक्षरओळख घेतली, रविवारची उपासना घेतली. नाताळच्या फराळाला मात्र करंज्या, शंकरपाळ्या आणि चकल्याच राहिल्या आणि जेवणाला कोंबडी किंवा बोकडाचं मटण.

चर्चचं आणि इथल्या मातीचं नातं ताटापेक्षा पाण्याशी जास्त आहे, हेही या निमित्ताने सांगायला हवं. 1960 च्या दशकाच्या अखेरीला बारामतीच्या जिरायती भागात पाझर तलावांची कामं सुरू झाली. त्यात ‘कासा’ या भारतातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांच्या समाजसेवी संस्थेचा वाटा होता. कामाच्या बदल्यात मजुरांना गहू आणि तेल मिळे. पुढे 1971 मध्ये बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला, त्याच्या आधीचा हा टप्पा. आज या भागात ज्या विहिरींवर गवत-मका पिकतो आणि गाई जगतात, त्यांतल्या काही विहिरींचं पाणी त्या तलावांमुळे वाढलेलं आहे.

ख्रिस्ती झाल्यावरही ताट न बदलल्याचं याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण अधिक ठळक. दौंड तालुक्यातलं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनींच्या मठात त्या राहत होत्या तिथे मांस, अंडी सगळं चाले. रमाबाई शाकाहारीच राहिल्या, स्वतःचं अन्न वेगळं शिजवून घेत राहिल्या. त्यावरून तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारही झाला. जातीची जुनी सवय अजून सुटली नाही, असं भगिनींना वाटे. ख्रिस्त स्वीकारला म्हणून इंग्रजांचं जेवण स्वीकारायला कुणी सांगितलं, अशी रमाबाईंची भूमिका. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून ज्या बाईने संपूर्ण बायबल मराठीत आणलं, ती 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत शाकाहारी होती. गोमांस हा ख्रिस्ती धर्माचा भाग आहे का, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

पण म्हणून मराठी ख्रिस्ती माणूस गोमांस खातच नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पुणे-नगर पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांपैकी कितीतरी घरं मूळची महार आणि मांग समाजातली. गावाने त्यांच्यावर मेलेली जनावरं ओढायचं काम लादलं आणि त्या जनावराचं मांस हेच मोबदला म्हणून त्यांच्या वाट्याला टाकलं. दुष्काळी दिवसांत ते मांस उन्हात वाळवून, त्याच्या चान्या करून, महिनोन्‌महिने पुरवलं जाई. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या या स्वयंपाकाची सविस्तर नोंद आहे. 1927 मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं, ते या लाचारीतून माणसं बाहेर पडावीत म्हणून. पुढे शहरात आणि बाजाराच्या गावांत खाटकाकडचं ‘मोठ्याचं मटण’ बोकडाच्या मटणापेक्षा कितीतरी स्वस्त मिळे. गरिबाच्या घरात, मग ते ख्रिस्ती असो, मुसलमान असो की दलित, ते शिजे. ते भुकेचं आणि पैशाचं गणित होतं. आजही त्या आठवणीने कुणी नाक मुरडलं तर मला राग येतो.

गोव्यात आणखी वेगळं. तिथल्या कॅथलिक घरात बीफ चिली-फ्राय, क्रोकेट, खारवलेली जीभ हे सणासुदीचे पदार्थ आहेत. तिथल्या 1978 च्या कायद्याने गाय कापता येत नाही, बैलाला परवानगी घेऊन चालतं. उसगावचा सरकारी कत्तलखाना त्यासाठीच. जनावरं बरीचशी बेळगावकडून येत. कर्नाटकने 2021 च्या सुरुवातीपासून आपला कायदा कडक केला आणि गोव्यातला पुरवठा एकदम आवळला. हेच कॅथलिक चाळीस दिवसांच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांसाला शिवत नाहीत. तुमच्या परिसरातल्या प्रोटेस्टंट घरांत तोही नियम नाही.

आता कायदा. महाराष्ट्रात 1976 च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. विधिमंडळाने 1995 मध्ये बैल आणि वळू यांनाही तो लागू केला, पण राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ती दुरुस्ती लागू झाली ती मार्च 2015 मध्ये. आज इथे गाय, बैल, वळू कापणं गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशीला ही बंदी लागू नाही, प्रमाणपत्र घेऊन ती कापता येते. तेव्हा वालचंदनगरला कुणी अमेरिकेसारखा रँच काढायचा म्हटलं, तरी कायद्याने ते जमणार नाही. जमिनीच्या भावाने त्याआधीच जमणार नाही.

इथून तुमच्या शेवटच्या प्रश्नावर येतो. मला तुमच्या पत्रातला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला.

गाय दूध देते ती व्याल्यावर. नऊ महिने नऊ दिवस गाभण राहते, वासरू होतं, मग चरवी भरते. होणाऱ्या वासरांत निम्मे गोऱ्हे. खिलार गाईचा गोऱ्हा घरात आनंदाने वाढवला जाई, कारण तो उद्याचा बैल. जर्सी किंवा होल्स्टीनच्या संकराचा गोऱ्हा मात्र औताला फारसा चालत नाही. त्याला वशिंड नीट नसतं, त्यामुळे जू मानेवर टिकत नाही, आणि उन्हात तो लवकर धापा टाकतो. शिवाय औत आता ट्रॅक्टरने होतं. अशा गोऱ्ह्याला रोज तीन लिटर दूध पाजायचं आणि दुधाचा दर तिशीच्या घरात धरायचा, तर दिवसाला नव्वद-शंभर रुपये झाले. पुढे त्याच्यापासून एक पैसा मिळायचा नाही.

ही संकरित गाय आपल्याकडे रुजली, तीही याच जिल्ह्यातून. उरुळीकांचनला गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमासाठी राहिलेले मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये ‘बायफ’ स्थापन केली आणि परदेशी वळूंच्या रेतमात्रा गावोगाव शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेल्या. हजारो कोरडवाहू घरांत त्यातून रोजचा पैसा आला. आज बारामती-इंदापूर हा राज्यातल्या गाईच्या दुधाचा मोठा पट्टा आहे. बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतलं चीज मॅकडोनाल्ड्सच्या भारतातल्या बर्गरमध्ये जातं, आणि मॅकडोनाल्ड्स 1996 मध्ये भारतात आली तीच गोमांस न विकण्याचं ठरवून. गोमांसाशिवायच्या त्या बर्गरमधलं चीज ज्या दुधाचं, त्या दुधासाठीही वासरू जन्माला यावंच लागतं.

गोऱ्हे जातात कुठे, तर बहुतेक ठिकाणी ते काही दिवसांतच जातात. कुणी व्यापाऱ्याला देतो, कुणी रस्त्यावर सोडतो, कुणी नीट दूध पाजत नाही आणि तो आपोआप मरतो. हा शेवटचा मार्ग मला सगळ्यांत क्रूर वाटतो. त्याची कुठे नोंद होत नाही आणि कुणावर गुन्हाही दाखल होत नाही. भाकड गाईचं तेच. पूर्वी तिचे चार पैसे येत आणि त्यात थोडी भर घालून नवी कालवड घेता येई. आता बाजारात जनावर न्यायचं तर वाटेत कोण अडवेल याची धास्ती. 2025 च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद ठेवली, तेव्हा ज्यांना बंदी नाही अशा म्हशींचेही व्यवहार थांबले. गोशाळांना सरकार दिवसाला 50 रुपये देतं ते देशी गाईसाठी. जर्सीच्या गोऱ्ह्याला त्यातलं काही मिळत नाही.

अमेरिकेत या गोऱ्ह्यांचं मांस होतं. तिथल्या गोमांसाचा सुमारे पाचवा हिस्सा दुधाच्या धंद्यातल्या जनावरांकडून येतो. आपण ते करत नाही, आणि न करण्यामागची भावना मी मानतो. पण मग त्या जनावराच्या पोटाची सोयही आपणच करायला हवी. ती आपण केलेली नाही. हा दोष तुमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा जेवढा, तेवढाच त्यांच्या पलीकडच्या मराठा, धनगर, माळी गोठेवाल्याचा, आणि तेवढाच सकाळी चहात दूध घालणाऱ्या माझा-तुमचा.

इथे ख्रिस्ती श्रद्धा शेतकऱ्याला काही सांगते का? सांगते, आणि खाण्यापेक्षा पाळण्याबद्दल जास्त सांगते. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधू नका, हा नियम ‘अनुवाद’ पुस्तकात आहे. खळ्यावर पात धरलेल्या आपल्या आजोबांना तो समजावून सांगावा लागला नसता. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाला जपतो, असं ‘नीतिसूत्रे’ सांगतात. दहा आज्ञांमधली विसाव्याची आज्ञा तर माणसाबरोबर जनावरालाही दिलेली आहे. सहा दिवस राबलेल्या बैलाला सातव्या दिवशी सुट्टी.

दुभत्या गाईला मात्र सुट्टी नाही. रविवारी दूध काढलं नाही तर कास दगडासारखी होते, दुखते, सड बसतात. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांचा रविवारही पहाटे गोठ्यातच उगवतो. शेण काढायचं, आंबोण द्यायचं, धारा काढायच्या, दूध केंद्रावर घालायचं, मग अंघोळ करून उपासना. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी काम केल्याचा आरोप झाला तेव्हा येशूने विचारलं होतं, की तुमच्यातला कोण त्या दिवशी आपला बैल गोठ्यातून सोडून पाण्यावर नेत नाही? दावणीला जनावर असलेल्या माणसाला हा दाखला लगेच कळतो. दहा दिवसांचं दुधाचं बिल आलं, की त्यातला दशमांश बाजूला काढणारी घरंही आहेत. कापणीच्या सणाला कुणी पायलीभर ज्वारी आणतं, कुणी कोंबडी, कुणी अंडी. वेदीपुढे ठेवलेल्या त्या जिनसांचा नंतर लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. तिकडच्या रँचवाल्याची आणि इंदापूरच्या गोठेवाल्याची श्रद्धा सारखी आहे ती या असल्या गोष्टींत.

संकोचाबद्दल. कुणाच्या ताटात काय शिजतं, हे विचारू नका. त्या प्रश्नाने आजवर माणसं दुखावलीच आहेत, आणि हल्ली तो धोक्याचाही झाला आहे. गोठ्याबद्दल मात्र जरूर विचारा, शेजारी हौसेने सांगतील. तुमच्याकडेही गाय असेल तर पुढच्या माजाला डॉक्टरांकडे कालवडीच होण्यासाठीची, लिंग निश्चित केलेली रेतमात्रा मागा. तिची कांडी थोडी महाग पडते आणि गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं, म्हणून पहिलारू कालवडींना ती वापरलेली बरी. पण शंभरातल्या नव्वद वेळा कालवड होते. आणि तरीही गोऱ्हा झालाच, तर त्याला पहिल्या तासाभरात पोटभर चीक पाजा आणि दूध तोडू नका. ही विनंती मी ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान अशा सगळ्या गोठेवाल्यांना करतो आहे.